नभोवाणी, कोल्हापुरातील

कोल्हापूर शहर व परिसरासाठी चालणारी ध्वनिक्षेपण-सेवा. तिचा आरंभ दोन प्रकारे मांडता येतो. शहरातील प्रक्षेपक हा निकष लावल्यास तो आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्रापासून (१०२.७ मेगॅहर्ट्झ), म्हणजे साधारणपणे १९९० च्या दशकापासून धरावा लागतो, श्रोता हा निकष लावल्यास १९६३ साली सुरू झालेल्या सांगली केंद्रापर्यंत मागे जावे लागते. दुसरा निकष अधिक ग्राह्य वाटतो. सुमारे तीन दशके कोल्हापूरकरांना जवळचे म्हणावे असे केंद्र सांगलीच होते. त्याआधीची भिस्त पुणे केंद्रावर (१९५३) आणि चित्रपटगीतांसाठी लघुलहरींवरील रेडिओ सिलोनवर असे.

सांगलीची मध्यमलहर १२५१ किलोहर्ट्झची, तरंगलांबी सुमारे २४० मीटर. अशा लहरी जमिनीलगत, तिच्या चढउतारांना धरून पसरतात. ग्राहक संचातील फेराइट कांडी (संचाच्या लांबीत आडवी बसवलेली आतली अँटेना) प्रक्षेपकाच्या दिशेशी काटकोनात असली की ग्रहण सर्वांत चांगले होते. सांगली कोल्हापूरच्या ईशान्य-पूर्वेस असल्याने संच ढोबळमानाने दक्षिणोत्तर लांबीत ठेवावा लागे. आवाज खरखरू लागला की घरातले जाणते माणूस संच फडताळावरच थोडा फिरवून ठेवी, त्यामागचे कारण हेच. एफएमची तरंगलांबी जेमतेम तीन मीटर. तिच्यासाठी पाऊण मीटरची ओढून काढायची तार पुरते, पण लहर दृष्टिरेषेत जाते. प्रक्षेपक अँटेना भोवतालच्या सपाटीपासून १०० मीटर उंच असल्यास रेडिओलहरींचे क्षितिज सुमारे ४१ किमी.वर येते आणि मध्ये डोंगर आला की त्याआधीच सावली पडते. त्यामुळे करवीर, हातकणंगले, शिरोळ हा पूर्वेचा सपाट पट्टा एफएमला अनुकूल, तर गगनबावडा व राधानगरीच्या दऱ्या प्रतिकूल ठरतात.

खासगी केंद्रे केंद्र शासनाच्या २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या एफएम धोरणानंतरची: पुढारी समूहाचे टोमॅटो एफएम (९४.३) व रेडिओ मिर्ची (९८.३). त्या धोरणात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी मिळे. साहजिकच प्रत्येक वाहिनी सर्वाधिक श्रोते मिळवून देणाऱ्या चित्रपटगीतांकडे वळली. केवळ रॉक किंवा केवळ रागसंगीत यांना वाहिलेली वाहिनी मध्यम आकाराच्या शहरातील जाहिरातींवर तगणे कठीण. गायक अल्लादियाखाँ आणि देवल क्लब ही संगीतसंस्था यांच्या गावात ही उणीव विशेष जाणवते.

खासगी केंद्रांना स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत. मात्र तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने (२०११) आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी सहक्षेपित (त्याच वेळी प्रक्षेपित) करण्यास मुभा दिली. तसेच हवामान, वाहतूक आणि स्थानिक प्रशासनाने पुरविलेली आपत्तीविषयक माहिती बातमीच्या व्याख्येतून वगळली. कोल्हापूरच्या दृष्टीने हे कलम सर्वांत मोलाचे मानावे लागेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गही काही दिवस बंद होता. अशा वेळी प्रशासनाने कळविलेली पाण्याची पातळी कोणतेही केंद्र दर तासाला सांगू शकते आणि वीज गेलेल्या घरातही ती सेलवरच्या संचावर ऐकता येते.