मिरज-पंढरपूर लाइन: नेमकी बंद कधी होती आणि चालू कधी झाली

आडव्या गाड्या द्या ही मागणी सांगली-मिरजेत परत जोर धरतेय, म्हणून थोडं मागचं लिहितोय. आडव्या म्हणजे पुण्या-मुंबईचं तोंड न बघता मिरजेतनं थेट पंढरपूर, लातूर, नांदेड, नागपूरकडं जाणाऱ्या. मिरज जंक्शन कुठाय आणि तिथनं कुठल्या लाइनी फुटतात हे इथं कुणाला सांगायला नको.

बार्शी लाइट म्हणजे याच मार्गावरची जुनी छोटी रेल्वे, तिचं सुरुवातीचं पटकन सांगतो. 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी (नॅरोगेज) लाइन एका खासगी कंपनीनं टाकली, 1906 ला ती पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला पोचली. इंजिन असो, डबा असो, एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही या हिशोबानं सगळं बांधलेलं, त्यामुळं हलके रूळ चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. 1954 ला लाइन सरकारकडं आली.

गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर: नॅरो सगळ्यात अरुंद, मीटर मधलं, ब्रॉड सगळ्यात रुंद. पुणे-मिरज मीटरगेजची ब्रॉडगेज झाली 1971 ला. त्यानंतर कितीतरी वर्षं मिरजेत तिन्ही गेज शेजारी शेजारी होते, पुण्याकडं ब्रॉड, बेळगाव-लोंढ्याकडं मीटर आणि पंढरपूरकडं नॅरो. ऐकायला भारी वाटतं पण याचा अर्थ असा की कुठलाच डबा सरळ पुढं जात नव्हता. हळदीची पोती असोत नाहीतर गुळाच्या ढेपा, एका वॅगनमधनं उतरवून हमालांनी दुसरीत भरायच्या, आणि माणसांनी ट्रंका-गाठोडी घेऊन गाडी बदलायची. आजोळ सलगऱ्याजवळ असल्यामुळं लहानपणी मी त्या छोट्या गाडीनं गेलोय. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, प्रत्येक ठिकाणी थांबत जायची आणि आषाढीला तर टपावरसुद्धा वारकरी बसलेले असायचे. स्लो होती पण तालुक्याच्या माणसाला तिचा टाइम तोंडपाठ होता.

आता मूळ मुद्दा. 2008 मध्ये पंढरपूर-मिरज नॅरोगेज थांबवली आणि 2010-11 च्या सुमारास ब्रॉडगेज होऊन टप्प्याटप्प्यानं चालू झाली. याला लोक तीन वेगवेगळी नावं देतात आणि सगळा घोळ तिथंच आहे. भाषणात म्हणतात "नवीन रेल्वे आणली". गावात म्हणतात "बंद लाइन परत सुरू झाली". रेल्वेच्या कागदावर मात्र ना ती नवीन आहे ना ती कधी बंद होती, तिथं शब्द आहे "गेज रूपांतर". बजेटमध्ये नवीन लाइन, गेज रूपांतर आणि दुहेरीकरण ही तीन वेगळी खाती आहेत आणि पैसे त्या-त्या खात्यातनं येतात, त्यामुळं हा नुसता शब्दांचा खेळ नाही. रूपांतर म्हटलं की काम रुळाचं, रूळ रुंद झाला की प्रोजेक्ट पूर्ण. त्यावर आधी जेवढ्या गाड्या होत्या तेवढ्या परत येतील का, पूर्वीच्या थांब्यांचं काय, कनेक्शन मिळणार का, हे त्या कामात येतच नाही, तो टाइमटेबलचा विषय म्हणून दुसऱ्या टेबलावर जातो. "परत सुरू करणं" असा शब्द धरला असता तर प्रवास परत आला का हे विचारावं लागलं असतं. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच झाली की आपणही कागदावरचाच शब्द उचलला आणि उद्घाटन झालं की हार घालून मोकळे झालो.

ही लाइन नसली तर मिरजेतनं कुर्डुवाडीला जायला काय होतं ते आकड्यात बघा. मिरज-पुणे 280 किमी आणि पुणे-कुर्डुवाडी 185 च्या आसपास, म्हणजे पुण्यावरनं गेलं तर साधारण 465. पंढरपूरवरनं तेच कुर्डुवाडी 190 च्या आत-बाहेर. एवढा फरक असून पण बरीच माणसं आजही एसटीच धरतात कारण दिवसात गाड्या मोजक्या.

ब्रॉडगेज झाल्यावर कोल्हापूर-नागपूरसारखी लांबची गाडी पंढरपूर-लातूरमार्गे आली हे मान्य, आणि त्याचा आनंदच आहे. एप्रिल 2016 ला तर या लाइननं जे केलं ते कुणी विसरणार नाही. लातूरला प्यायला पाणी नव्हतं आणि मिरजेतनं कृष्णेचं पाणी घेऊन 10 टँकर वॅगनची पहिली गाडी गेली, 342 किमी, साधारण 5 लाख लिटर. नंतर 50 वॅगनच्या गाड्या गेल्या. टँकर राजस्थानातल्या कोट्यावरनं आणलेले, नॅरोगेज असती तर ते मिरजेच्या पुढं सरकलेच नसते.

मग 2020. मार्चमध्ये देशभर पॅसेंजर थांबल्या आणि इथंही रूळ शाबूत, स्टेशन शाबूत, गाडी मात्र नाही. परत आल्या त्या बऱ्याच ठिकाणी स्पेशल म्हणून, नंबरपुढं शून्य लावून, आणि कमीत कमी तिकीट 10 चं 30 झालं. ते परत 10 वर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. आरगहून मिरजेला कामाला येणाऱ्या माणसाला विचारा, त्याच्यासाठी लाइन तेव्हा बंदच होती, कागदावर काहीही असो. त्याच 2024 च्या सप्टेंबरमध्ये कोल्हापूर आणि हुबळीहून पुण्याला वंदे भारत चालू झाल्या, म्हणजे परत उभी लाइन. आडवीच्या वाट्याला काय आलं?

मार्गाचा वाद पण जुनाच आहे. छोटी लाइन येडशीवरनं सरळ लातूरला जायची आणि धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण बाजूला राहायचं, ब्रॉडगेज करताना ती वळवून धाराशिवला नेली. थोडा वळसा पडला तरी मला तो निर्णय बरोबर वाटतो, जिल्ह्याला रेल्वे मिळाली.

साताऱ्याकडं अजून वेगळं दुखणं आहे. लोणंद-फलटण 2019 ला चालू झाली, पण फलटण-पंढरपूर हा सुमारे 105 किमीचा तुकडा कितीतरी वर्षांपासून रखडलाय. तोपर्यंत साताऱ्याच्या वारकऱ्याला रेल्वेनं पंढरपूर गाठायचं तर आधी खाली मिरजेपर्यंत यायचं, गाडी बदलायची आणि मग सांगोल्यावरनं परत वर.