प्लँक लांबी म्हणजे अवकाशाचा पिक्सेल नव्हे

अवकाश बारीक चौकटींचं बनलंय आणि प्लँक लांबी ही त्यातली सर्वांत लहान चौकट, असं ठासून सांगितलं जातं. हे सिद्ध झालेलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लँक यांनी १८९९ मध्ये निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांवरून (प्रकाशाचा वेग यांसारख्या न बदलणाऱ्या आकड्यांवरून) काही एककं काढली, त्यातलंच हे एक; प्रोटॉनहून सुमारे शंभर अब्ज अब्ज पट लहान. त्याच हिशेबातून निघणारं प्लँक वस्तुमान मात्र २२ मायक्रोग्रॅम भरतं, आणि धुळीचे कितीतरी कण त्याहून हलके असतात! म्हणजे प्लँक एकक आलं की 'याहून लहान काही नाही' हे आपोआप ठरत नाही.

अवकाश खडबडीत असेल, तर जास्त ऊर्जेचा प्रकाश रेंगाळेल, असं काही प्रारूपं सांगतात. २००९ मध्ये फर्मी या अवकाश दुर्बिणीने सुमारे ७ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या गॅमा किरणांच्या स्फोटातला अतिऊर्जावान फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, टिपला. स्फोट दिसू लागल्यावर तो एका सेकंदाच्या आत पोचला होता; म्हणजे इतक्या लांबच्या प्रवासातही तो फारसा रेंगाळला नाही.