फँटसी फुटबॉलमधला लिलाव आणि सॅलरी कॅप

लीगमधल्या प्रत्येक मालकाला सारखेच खोटे पैसे द्यायचे, बहुतेक ठिकाणी २०० डॉलर, आणि तेवढ्यात एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या खऱ्या खेळाडूंवर बोली लावून आपली टीम भरायची, याला फँटसी फुटबॉलमधला लिलाव म्हणतात. फँटसी म्हणजे काही जणांनी मिळून आपली एक लीग करायची, प्रत्येकाने एका कागदावरच्या टीमचा मालक व्हायचं, आणि खऱ्या मॅचमध्ये खेळाडू जसे खेळतील तसे आपल्या टीमला गुण मिळवायचे. तो २०० चा आकडा काही केल्या ओलांडता येत नाही, ती सॅलरी कॅप. इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, लांबट बॉल हातात धरून पळतात तो. मेस्सीवाल्या फुटबॉलचं शेवटी थोडं येईल, कारण तिथेही कॅप आहे पण बोली नाही.

लिलावाची पद्धत येण्याआधी चालायचा, आणि अजूनही बऱ्याच लीगमध्ये चालतो, तो स्नेक ड्राफ्ट. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतो, १ ते १२ जण एकेक खेळाडू उचलतात, मग उलटं १२ ते १, परत १ ते १२. यात भानगड अशी की तुमचा नंबर नववा आला तर पहिले आठ खेळाडू तुमच्यासाठी संपलेच, कितीही अभ्यास करून आला असाल तरी. लिलावात असं नसतं, कुठलाही खेळाडू कोणालाही मिळू शकतो, फक्त किंमत मोजायची तयारी पाहिजे.

फँटसी फुटबॉलची सुरुवात १९६२ ची. ओकलंड रेडर्स या टीमचे एक भागीदार बिल विंकेनबाख टीमबरोबर न्यूयॉर्कला गेले होते, तिथे हॉटेलात बसून त्यांनी आणि सोबतच्या दोघांनी नियम लिहून काढले, आणि १९६३ मध्ये ओकलंडला आठ मालकांची पहिली लीग सुरू झाली. पण तो ड्राफ्टच होता. लिलावाची पद्धत लोकप्रिय केली ती बेसबॉलवाल्यांनी. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये रोटिसरी लीग नावाची फँटसी बेसबॉलची लीग काढली, आणि त्या खेळात २३ खेळाडूंसाठी २६० डॉलर हा नियम रुळला. फँटसी बेसबॉलमध्ये २६० चा आकडा अजून टिकून आहे. फुटबॉलमध्ये स्थिरावला तो २०० चा.

आणि सॅलरी कॅप खऱ्या एनएफएलमध्येही आहे. तिथे १९९४ पासून प्रत्येक टीमच्या पगारखर्चाला मर्यादा आहे, पहिल्या वर्षी ती ३४.६ मिलियन डॉलर होती, २०२५ मध्ये २७९.२ मिलियन. मध्ये २०१० चं एक वर्ष तेवढं बिनकॅपचं गेलं.

लिलाव कसा चालतो

ठरलेल्या क्रमाने प्रत्येक मालक एका खेळाडूचं नाव पुकारतो आणि सुरुवातीची बोली सांगतो, कमीत कमी १ डॉलर. मग कोणीही चढवायची. ऑनलाइन असेल तर काही सेकंदांचं घड्याळ उलटं चालू असतं आणि प्रत्येक नव्या बोलीला ते परत थोडं मागे जातं, शून्यावर आलं की खेळाडू शेवटच्या बोलीवाल्याचा. हॉलमध्ये समोरासमोर बसून करायचं असेल तर एकाने पुकारा करायचा, एक वार, दोन वार, तीन वार. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती जो उघड लिलाव होतो त्याच घराण्यातला हा प्रकार, फक्त इथे व्यापाऱ्यांच्या खिशात सारखेच पैसे आहेत आणि उरलेले घरी नेता येत नाहीत.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात घ्या, कारण अर्धी गंमत तिथे आहे. लिलाव संपला आणि तुमच्याकडे १७ डॉलर उरले तर ते कचऱ्यात गेले (काही लीग ते पुढे वापरू देतात, पण कमीच). म्हणजे काटकसर केली म्हणून कोणी शाबासकी देत नाही. नवीन माणूस पहिल्यांदा हमखास हीच चूक करतो, तासभर हात आखडता घेऊन बसतो, आपण किती शहाणे असं त्याला वाटत असतं, आणि मग बघतो तर पैसे भरपूर पण घेण्यासारखं कोणी राहिलंच नाही.

दुसरं टोक म्हणजे सगळे पैसे आधीच उडवणं, आणि त्याला आळा घालायला सर्वात महत्त्वाचा नियम आहे, कमाल बोलीचा. नेहमीच्या टीममध्ये १६ जागा धरा: एक क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा), दोन रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारे), दोन वाइड रिसीव्हर (फेकलेला बॉल झेलणारे), एक टाइट एंड (झेलतो आणि अडवतोही), एक फ्लेक्स म्हणजे रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी कोणीही, एक डिफेन्स (एका क्लबची आख्खी बचावफळी), एक किकर (बॉलला लाथ मारणारा), आणि बेंचवर सात. टीम पूर्ण भरलीच पाहिजे आणि प्रत्येक जागेला निदान १ डॉलर लागणार, म्हणून तुमच्याकडे जेवढे डॉलर आहेत त्यातून रिकाम्या जागा उणे एक एवढे वजा करायचे, जे उरेल ती तुमची सर्वात मोठी बोली. सुरुवातीला २०० वजा १५, म्हणजे १८५. मध्यात कोणाकडे ४६ डॉलर आणि ७ जागा असतील तर ४६ वजा ६, म्हणजे ४० च्या वर तो जाऊच शकत नाही, सॉफ्टवेअर बटणच दाबू देत नाही. कागदावर लीग चालवत असाल तर हा हिशोब कोणीतरी ठेवायला लागतो, नाहीतर रात्री अकरा वाजता कळतं की एकाच्या तीन जागा रिकाम्या आणि खिशात दोन डॉलर.

हा आकडा सगळ्यांना दिसतो हे महत्त्वाचं. तुमच्याकडे ४१ ची ताकद आहे आणि बाकी कोणाचीच ४० च्या वर नाही, तर तो खेळाडू तुमचा, कोणी काही करू शकत नाही. खरं कौशल्य म्हणजे एका डॉलरची किंमत रात्रभर बदलत असते ते ओळखणं. १२ जणांचे मिळून २४०० डॉलर आणि १९२ जागा, एवढाच सगळा बाजार आहे. पहिल्या अर्ध्या तासात लोक जोशात येऊन जास्त देतात, तेवढा पैसा बाजारातून गेला, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू स्वस्त होणारच. शेवटी डॉलर डेज नावाचा टप्पा येतो, बहुतेकांच्या जागेला एकेकच डॉलर उरलेला असतो, तेव्हा ज्याच्याकडे जागेमागे २ आहेत तो राजा, कारण त्याने १ चे २ केले की समोरचा गप्प.

यातूनच डावपेच आले. आपल्याला नको असलेल्या महागड्या खेळाडूचं नाव आधी पुकारायचं, म्हणजे दुसऱ्यांचे पैसे उडतात. किंवा कोणी स्वस्तात सुटत असेल तर घ्यायचा नसतानाही बोली चढवायची, पण हे करताना घड्याळ संपलं तर तो गळ्यात पडतो आणि आख्खी लीग हसते. स्टार्स अँड स्क्रब्स म्हणजे दोन-तीन हुकमी एक्क्यांवर दीडशे डॉलर घालायचे आणि बाकी जागा एकेका डॉलरच्या भरतीने भरायच्या. ऐकायला भारी वाटतं, पण २०२४ मध्ये ज्यांनी क्रिस्चन मॅकॅफ्री या रनिंग बॅकवर तिजोरी रिकामी केली त्यांना विचारा, तो दुखापतींमुळे सीझनमध्ये फक्त चार मॅच खेळला. त्याच वर्षी दुसरा रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली मात्र २००५ यार्ड पळाला. माझ्या मते बॅलन्स टीमवाले, म्हणजे पैसे सगळ्या जागांवर वाटून घालणारे, जिंकतात कमी पण झोपतात शांत.

कीपर आणि महागाई

काही लीग दरवर्षी पाटी कोरी करत नाहीत. दोन-तीन खेळाडू पुढच्या वर्षी ठेवता येतात, त्यांना कीपर म्हणतात, आणि ते गेल्या वर्षीच्या किमतीत काहीतरी वाढवून, समजा ५ डॉलर, तुमच्या कॅपमधून वळते होतात. म्हणजे ४ ला घेतलेला पोरगा स्टार निघाला तर पुढच्या वर्षी ९ ला. साहजिकच सगळे स्वस्त मालच ठेवतात आणि त्याने लिलावात महागाई येते. समजा सगळ्यांनी मिळून बाजारभावाने ७०० डॉलरचे खेळाडू ४०० मध्ये ठेवले. आता बाजारात पैसा राहिला २००० आणि माल उरला १७०० चा. म्हणजे प्रत्येक भाव साधारण १८ टक्क्यांनी फुगला, जो ४० चा होता तो ४७ ला जाणार आणि तिथे ४० वर अडून बसलेला माणूस रात्रभर उपाशी राहणार.

याच्याही पुढे करारवाल्या लीग असतात, तिथे खेळाडू घेताना किती वर्षांसाठी घेतला तेही लिहायचं. मध्येच त्याला काढला तर उरलेल्या पगाराचा काही हिस्सा तुमच्या कॅपवर बसून राहतो, त्याला डेड मनी म्हणतात. खऱ्या एनएफएलमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसने २०२४ मध्ये आपला क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं तेव्हा ८५ मिलियन डॉलरचा असा बोजा दोन वर्षांत वाटून घ्यावा लागला. फँटसीत किती टक्के बोजा ते प्रत्येक लीग आपलं आपलं ठरवते, आणि भांडणंही याच नियमावर होतात, म्हणून लिलावाच्या आधी लिहून ठेवणं बरं.

सीझनमधली बंद पाकिटं

लिलाव झाला तरी बोली संपत नाही. सीझन चालू असताना जे खेळाडू कोणाच्याच टीममध्ये नाहीत त्यांच्यासाठी वेगळे पैसे असतात, सहसा १०० डॉलर, फ्री एजंट अॅक्विझिशन बजेट या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला फॅब म्हणतात. इथे उघड लिलाव नाही, टेंडरसारखं बंद पाकीट. प्रत्येकाने गुपचूप आकडा टाकायचा, बहुतेक लीगमध्ये अमेरिकेतल्या मंगळवार-बुधवारच्या मधल्या रात्री पाकिटं उघडतात, सर्वात मोठा आकडा जिंकतो आणि पूर्ण आकडा भरतो. दुसऱ्याने ११ टाकले होते आणि तुम्ही ६३, तरी ६३ च गेले. त्यामुळे खेळाडू मिळाला तरी बुधवारी सकाळी तोंड आंबटच होतं. बरोबरी झाली तर आधी ठरलेल्या क्रमात जो वर त्याला. २०२३ मध्ये पुका नाकुआ नावाचा, एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत निवडलेला नवखा रिसीव्हर पहिल्याच मॅचमध्ये १० कॅच घेऊन बसला, बहुतेक लीगमध्ये त्याला कोणी घेतलेलंच नव्हतं, आणि त्या आठवड्यात ज्यांनी डोळे झाकून मोठा आकडा टाकला त्यांना सीझनभर दिवाळी, कारण त्याने १०५ कॅच आणि १४८६ यार्ड करून नवख्यांचे विक्रम मोडले.

बोली नसलेली कॅप

डेली फँटसीत, म्हणजे सीझनभर नाही तर एका दिवसाच्या किंवा आठवड्याच्या मॅचपुरत्या खेळात, बोली नसतेच, किंमत साइट ठरवते. ड्राफ्टकिंग्जवर ९ जणांसाठी ५०,००० डॉलरची कॅप, फॅनड्युएलवर ६०,०००. एकच खेळाडू हजार लोकांच्या टीममध्ये असू शकतो. मेस्सीवाल्या फुटबॉलमध्ये इंग्लंडची फँटसी प्रीमियर लीग अशीच, १०० मिलियन पौंडात १५ खेळाडू, एका क्लबचे जास्तीत जास्त तीन, आणि विकताना भाव वाढला असेल तर नफ्याचा अर्धाच हिस्सा हातात पडतो. आपल्याकडे ज्यांनी ड्रीम इलेव्हन खेळलंय त्यांना १०० क्रेडिटमध्ये ११ जण बसवायची कसरत माहीतच आहे, तीही कॅपच. मुंबईच्या या कंपनीने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आल्यावर पैसे भरून खेळायच्या स्पर्धा बंद केल्या. आणि लिलाव बघायचाच असेल तर आयपीएलचा आहेच, तिथे पैसे खरे, जेद्दाहला २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लखनौने १२० कोटींच्या थैलीतले २७ कोटी एकट्या ऋषभ पंतवर घातले. स्टार्स अँड स्क्रब्स म्हणतात ते हेच.

लिलाव या नावाचाही एक किस्सा आहे. २०१७ मध्ये ईएसपीएनने टीव्हीवर लिलावाचं एक नाटुकलं दाखवलं, त्यात ओडेल बेकहॅम ज्युनियर या कृष्णवर्णीय खेळाडूवर बहुतेक गोरी माणसं बोली लावताना दिसली, अमेरिकेतल्या गुलामांच्या बाजाराची आठवण होणारच होती, आणि चॅनेलला माफी मागावी लागली. आता ईएसपीएन आणि याहू दोन्हीकडे या प्रकाराला सॅलरी कॅप ड्राफ्ट म्हणतात. बोलताना लोक अजून ऑक्शनच म्हणतात.

हे लिलाव बहुतेक ऑगस्टच्या शेवटी होतात, कारण सीझन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेनंतर सुरू होतो. वेळ स्नेकपेक्षा बराच जास्त, दोन-तीन तास आरामात जातात. न्यू जर्सीच्या ऑफिसातल्या लीगने रात्री आठची वेळ ठरवली आणि तुम्ही सुट्टीला पुण्यात आलेले असाल, तर पहाटे साडेपाचला लॅपटॉप उघडून बसायचं. वायफाय गेलं तर सॉफ्टवेअर तुमच्या वतीने स्वतःच्या दरपत्रकाने बोली लावत राहतं, आणि ते दरपत्रक तुम्ही आधी बदललेलं नसेल तर परत येईपर्यंत बेंचवर दोन किकर बसलेले असू शकतात.