‘अनकॉम्पिटिटिव्ह’ : एका विशेषणाची पार्श्वभूमी

अर्थविषयक बातम्यांमध्ये हे विशेषण आता रोज भेटते. निर्यात ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ झाली, कारखाना ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ ठरला, विजेचे दर उद्योगाला ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ करतात. मराठीत त्याला कोणी ‘स्पर्धाक्षम नसलेला’ म्हणते, कोणी ‘अस्पर्धात्मक’, तर मथळ्यात जागा कमी पडली की सरळ ‘अकार्यक्षम’ लिहून मोकळे होते. या शेवटच्या शब्दाने मूळ अर्थ पार बदलतो, आणि हे टिपण लिहिण्याचे कारणही तेच आहे.

मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘एकत्र येणे, एकाच गोष्टीसाठी धडपडणे’ असा आहे. ‘काँपिटंट’ म्हणजे लायक, हा शब्दही त्याच कुळातला. इंग्रजीत ‘कॉम्पिटिटिव्ह’ हे विशेषण रुळले एकोणिसाव्या शतकात, आणि आपल्याकडे ते प्रथम पोहोचले ते बाजारातून नव्हे तर परीक्षेतून. वशिल्याने होणाऱ्या सनदी नेमणुका थांबल्या आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. ‘स्पर्धा परीक्षा’ या शब्दाची मुळे तिथे आहेत. त्या काळी या शब्दाच्या विरुद्ध बाजूला उभी होती ती स्पर्धेविना मिळालेली नेमणूक. हरलेल्याला तेव्हा कोणी हे विशेषण लावत नव्हते.

मालाला, कारखान्याला आणि पुढे अख्ख्या देशाला ‘स्पर्धेत न टिकणारा’ म्हणण्याची सवय विसाव्या शतकातली. तिचे सर्वात बोलके उदाहरण ब्रिटनचेच आहे. एप्रिल १९२५ मध्ये तिथल्या सरकारने पौंड पुन्हा सोन्याशी जोडला, तोही युद्धापूर्वीच्याच दराने, म्हणजे एका पौंडाला ४.८६ डॉलर. पौंडाची खरी किंमत त्याहून सुमारे एक दशांशाने कमी आहे, असे टीकाकार सांगत होते. खाणी त्याच होत्या, कोळसा तोच होता आणि खाली उतरणारी माणसेही तीच होती. परदेशी गिऱ्हाइकाला मात्र तो कोळसा महाग पडू लागला. खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढवण्याची मागणी केली. त्यातूनच मे १९२६ चा सार्वत्रिक संप पेटला. निर्णय चलनाच्या दराचा होता, पण स्पर्धेत न टिकल्याचा शिक्का खाणीवर बसला आणि त्याची किंमत खाणकामगाराच्या मजुरीतून मागितली गेली. या विशेषणाचा पुढचा सगळा इतिहास त्या दोन वर्षांत बीजरूपाने दिसतो.

आपल्याकडे ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला गेला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपया पुन्हा उतरवला. दोन्ही वेळी कारणांच्या यादीत एक युक्तिवाद होता, तो म्हणजे चढ्या विनिमयदरामुळे निर्यात टिकत नाही. तिथे शब्द जागेवर वापरला गेला होता, कारण कोणत्या दराने टिकत नाही हे वाक्यातच सांगितलेले होते.

आता गुंता. इंग्रजीत या मुळाला तीन नकार लागतात आणि तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत. ‘अन’ लावला तर स्पर्धा चालू आहे, पण हा तिच्यात टिकत नाही. ‘नॉन’ लावला तर स्पर्धाच नाही. एकाच ठेकेदाराला निविदेशिवाय दिलेले काम किंवा थेट नेमणूक. ‘अँटी’ लावला तर कोणीतरी स्पर्धा मोडतो आहे. संगनमत, भाव बांधून घेणे, दुसऱ्याचा रस्ता अडवणे. इंग्रजी लिहिणारेही पहिले दोन सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. मराठीत तर तिन्हींवर ‘अस्पर्धात्मक’ हे एकच पांघरूण घातले जाते.

याचा तोटा कसा होतो ते पाहा. २०१२ मध्ये देशातल्या मोठ्या सिमेंट कंपन्यांना संगनमताबद्दल ६,३०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला गेला आणि पुढे ते प्रकरण अपिलांत गेले. त्या कंपन्यांवरचा आरोप ‘अँटी’चा होता. स्पर्धेत न टिकण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्या बाजारात चांगल्या भक्कम होत्या. ‘अस्पर्धात्मक कंपन्यांना दंड’ असे लिहिले की वाचकाला वाटते, दुबळ्यांना शिक्षा झाली. कायद्याच्या भाषेसाठी ‘स्पर्धाविरोधी’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. २००२ चा स्पर्धा कायदा आला आणि मे २००९ पासून त्यातल्या स्पर्धाविरोधी करारांच्या तरतुदी लागू झाल्या, तेव्हापासून तो वापरातही आहे. स्पर्धेत मागे पडणे हा मात्र कोणत्याच कायद्याखाली दोष नाही.

‘नॉन’साठी तर मराठीत इतका चांगला शब्द आहे की तो का वापरत नाहीत याचे मला नेहमी नवल वाटते. बिनविरोध. गावात निवडणूक बिनविरोध झाली म्हणजे स्पर्धा झालीच नाही, हे सगळ्यांना कळते. ती का झाली नाही, हा प्रश्नही लगेच पुढे येतो. एकोप्यामुळे, दहशतीमुळे की पैशामुळे? जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचे उघड झाले आणि तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द करण्यात आली. इंग्रजीत राजकारणावर लिहिताना ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ मतदारसंघ म्हटले की दोन्ही गोष्टी त्यात येतात, विरोधक नसलेला आणि विरोधक असून निकाल आधीच ठरलेला. आपण ‘बिनविरोध’ आणि ‘एकतर्फी’ हा भेद सहज करतो. तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही.

शास्त्राची मुले सांगतील की त्यांच्या पुस्तकात ‘अन’ आणि ‘नॉन’ कधीच एक नसतात. विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, अभ्यासात ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ रोधक म्हणजे असा पदार्थ, जो रिकाम्या विकराला चिकटत नाही. विकर आणि ते ज्यावर काम करते ते द्रव्य जोडले गेल्यावर त्या जोडीलाच जाऊन चिकटतो. लिथियम एका विकराला नेमके याच रीतीने रोखते. ‘नॉन’ प्रकारचा रोधक रिकाम्या विकरालाही धरतो आणि जोडीलाही. आलेखावर दोन्हींच्या रेषा वेगळ्या दिसतात. तिथे या शब्दात हार-जीत मुळीच नाही, एकाच जागेसाठी झगडा होत नाही इतकाच अर्थ आहे.

या विशेषणाची आपल्याकडची खरी कहाणी गिरणगावात घडली. पुढचे लिखाण त्यामुळे एका बाजूला झुकलेले वाटले तर वाटू द्या. माझे वडील साचेखात्यात होते. गिरणीत मागाला साचा म्हणत.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्यानंतरच्या वर्षांत कागदोपत्री दोन शब्द फिरू लागले. पहिला ‘आजारी’. त्याला १९८५ च्या कायद्याने व्याख्या दिली होती. कंपनी नोंदून ठरावीक वर्षे झालेली असली आणि साचलेला तोटा निव्वळ मालमत्तेइतका किंवा त्याहून जास्त झाला, की कंपनी आजारी. ताळेबंद उघडून कोणीही तपासावे. दुसरा शब्द ‘अनकॉम्पिटिटिव्ह’. त्याला व्याख्या नव्हती. तो अहवालात आला, भाषणात आला, अग्रलेखात आला आणि हळूहळू पहिल्या शब्दाचे कारण म्हणून मांडला जाऊ लागला. गिरणी आजारी का? तर ती स्पर्धेत टिकत नाही म्हणून.

कोणाच्या स्पर्धेत? भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या. ही स्पर्धा आभाळातून पडलेली नव्हती. १९५६ च्या धोरणाने गिरण्यांमधल्या मागांची संख्या गोठवली होती. हेतू हातमाग वाचवण्याचा होता, पण वाढत्या मागणीचे कापड विणले यंत्रमागांनी. गिरणीच्या कापडावर अबकारी कर जास्त, यंत्रमागाच्या कापडावर नाममात्र किंवा माफ. गरिबांसाठीचे नियंत्रित दराचे जाडेभरडे कापड काढण्याचे बंधनही गिरण्यांवर होते. गिरणीत आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, कामगार विमा. मागाच्या शेडमध्ये बारा तासांची पाळी आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या वारावर. शेडही कागदावर चार-चार मागांच्या तुकड्यांत वेगवेगळ्या नावांनी दाखवलेली, म्हणजे कारखाना कायदा लागायलाच नको.

भिवंडीत मी पहिल्यांदा गेलो ते वडिलांबरोबर, त्यांच्या एका जुन्या सोबत्याला भेटायला. शेडमध्ये शिरल्यावर आधी कानठळ्या बसल्या, मग डोळ्यांना अंधाराची सवय झाली. पत्र्याखाली आठ माग, दोन ओळींत, मधून एकच माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट. सोबती धोट्यातली संपलेली कांडी काढून नवी घालत होते. तोंडाने बोलणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी हातानेच ‘थांबा’ म्हटले. वडील मागाजवळ वाकले, बाजूच्या लोखंडी चौकटीवरचा तेलकट थर त्यांनी अंगठ्याने पुसला. खाली ओतीव अक्षरांत परदेशी कंपनीचे नाव आणि साल होते. ‘हा आपलाच साचा,’ ते मला बाहेर आल्यावर म्हणाले. गिरण्यांनी भंगारात काढलेले साचे यंत्रमागवाले विकत घेत, हे त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होते. परळमध्ये जो साचा स्पर्धेत टिकत नव्हता, तोच ४० किलोमीटरवर भिवंडीत टिकत होता. कामगारही अनेकदा तोच होता. संपाच्या काळात तर मुंबईच्या गिरण्यांनी भिवंडीत कापड विणून घेतले आणि त्यावर स्वतःचा छाप मारून विकले. ज्याच्यामुळे टिकाव लागत नाही म्हणायचे, तोच माल पुरवत होता.

गिरण्यांचे सगळे उत्तम चालले होते असे मला म्हणायचे नाही. मालकांनी वर्षानुवर्षे नफा दुसरीकडे वळवला, नवी यंत्रे घेतली नाहीत, आणि काही गिरण्यांचे साचे खरोखरच मोडकळीला आले होते. पण जुने यंत्र, गोठवलेली क्षमता, असमान कर आणि कामगार कायद्यातला फरक ही चार वेगळी कारणे आहेत. एका विशेषणाने ती एकत्र बांधली आणि गाठोडे गिरणीच्या, म्हणजे पर्यायाने कामगाराच्या डोक्यावर ठेवले. ‘तुमच्या पगाराने गिरण्या बुडाल्या’ हे वाक्य मी चाळीच्या गॅलरीत वाढताना किती वेळा ऐकले असेल.

शिक्का पक्का झाल्यावर पुढचा निर्णय सोपा झाला. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरण्या आणि यंत्रमाग यांच्यातला धोरणात्मक भेद सोडला आणि न चालणाऱ्या गिरण्या बंद करण्याची वाट खुली केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीच्या विकासाला परवानगी दिली. ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन शहराला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला. त्यातून येणारा पैसा कामगारांची देणी आणि गिरणीचे पुनरुज्जीवन यांसाठी, असा तर्क होता. २००१ मध्ये राज्य सरकारने नियमात दुरुस्ती केली. वाटणी आता पूर्ण जमिनीची नव्हे, फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जागेची होणार होती. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? साचेखाते, सूत कातण्याचे त्रासनखाते, गोदामे, चिमणी यांनीच आवार भरलेले. सुमारे ६०० एकरांचा हा प्रश्न होता आणि या एका शब्दबदलाने शहराचा व घरांचा वाटा आक्रसला. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ ची दुरुस्ती कायम राहिली.

दुरुस्तीच्या समर्थकांची बाजू अशी, की मूळ वाटणीत मालकाला विकासात रस राहत नव्हता, जमीन पडून राहत होती आणि कामगारांची देणी थकत होती. यात तथ्य होते. पण ज्या उद्योगाला स्पर्धेत टिकत नाही म्हणून बंद करायचे, त्याच्या जमिनीचा भाव मुंबईत सर्वात चढा असावा, हे त्या विशेषणात कुठेच मावत नव्हते. कापडाच्या बाजारात गिरणी हरत होती. जमिनीच्या बाजारात तीच गिरणी सर्वांच्या पुढे होती. कोणत्या बाजारातल्या हारजितीवर निर्णय घेतला जातो आहे, हे शब्द लपवत होता.

देशांनाही हे विशेषण लावण्याची फॅशन १९८० नंतर आली आणि देशांच्या स्पर्धाक्षमतेच्या वार्षिक क्रमवाऱ्या निघू लागल्या. १९९४ मध्ये एका अमेरिकी अर्थतज्ज्ञाने त्याला कडक हरकत घेतली. देश म्हणजे कंपनी नव्हे, देशाचे दिवाळे निघून तो बाजारातून नाहीसा होत नाही आणि एकाचा व्यापार वाढला म्हणून दुसऱ्याचा बुडतोच असे नाही, हा त्याचा मुद्दा. क्रमवाऱ्या तरीही चालू राहिल्या.

बाजारात बोलली जाणारी मराठी या बाबतीत जास्त सावध आहे. व्यापारी म्हणतो ‘परवडत नाही’, आणि त्या क्रियापदाला आपसूक ‘कोणाला’ जोडावे लागते. मला परवडत नाही, गिरणीला परवडत नाही, गिऱ्हाइकाला परवडत नाही. ‘टिकाव लागत नाही’ म्हटले की ‘कोणापुढे’ हे सांगावेच लागते. ‘दर बसत नाही’ असे इचलकरंजीचा यंत्रमागवाला म्हणतो तेव्हा सूत, मजुरी, वीज यांपैकी काय वाढले ते पुढच्याच वाक्यात येते. इंग्रजी विशेषणाला या दुसऱ्या पक्षाची गरज पडत नाही; ते एकट्या वस्तूला चिकटते, जणू ‘जुनाट’ किंवा ‘मोडका’ यांसारखा तिचा अंगचा गुण असावा. भाषांतर करताना मी आता क्रियापदच वापरतो आणि मूळ बातमीत दुसरा पक्ष दिलेला नसेल तर तो शोधून घालतो. मथळा एका शब्दाने लांबतो, पण त्याला इलाज नाही.

२७ ऑगस्ट २०२५ ला भारतीय मालावरचे अमेरिकेचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेले. बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालासाठी नवा दर २० टक्के होता. सोलापूरचा टेरी टॉवेल २६ तारखेला जसा होता तसाच २७ तारखेलाही होता, तेच सूत, तोच माग, तीच मजुरी. त्या आठवड्यात इंग्रजी बातम्यांनी भारतीय कापडउद्योगाला पुन्हा तेच विशेषण लावले. आमच्या पानावर ते असे गेले : ‘वाढीव शुल्कामुळे सोलापुरी टॉवेलचा दर अमेरिकेत बसेना’.