सुट्टीच्या दिवसाचे कपडे : वसंतात फिरायला निघणाऱ्या मैत्रिणींसाठी माहितीपत्रक

फेब्रुवारी सरत आला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या शिवणाच्या दुकानात कॉलेजच्या आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींची वर्दळ वाढते. मागणी साधारण एकच असते. शनिवार-रविवार मैत्रिणींबरोबर बाहेर पडायचंय, फोटोत छान दिसेल आणि दिवसभर अंगाला काचणार नाही असं काहीतरी शिवून द्या. दोन्ही गोष्टी एका कपड्यात नक्की जमतात. फक्त कापडाला कात्री लावण्याआधी आम्ही विचारतो, जायचं कुठे? लोकलने की स्कूटरवरून? चालणं किती, बसणं कातळावर की बोटीत? माप अंगाचं घ्यायचं आणि कपडा दिवसाला बेतायचा, अशी आमची पद्धत आहे.

कुठे जाताय?

येऊरला जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चची सकाळ साधा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा ठाण्याकडचा भाग या दिवसांत पाहण्यासारखा असतो. काटेसावर, पांगारा आणि पळस पानं टाकून नुसत्या फुलांवर उभे असतात, आणि त्या फुलांवर बुलबुल, मैना, शिंजीर यांची झुंबड असते. पुढे कुसुंबाला तांबडी पालवी फुटते. पक्षी बघायचे असतील तर खाकी, मातकट, शेवाळी असे रंग घाला. नुसते फोटो काढायचे असतील तर निळीचा गडद निळा किंवा बाटलीहिरवा रंग पळसाच्या केशरी फुलांसमोर फार खुलतो. पिवळा आणि नारिंगी त्या झाडाखाली हरवून जातात, हे बहुतेकींना घरी येऊन फोटो पाहिल्यावर कळतं. फुलं झाडावरच राहू द्या, खाली पडलेली भरपूर असतात.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीतले रोहित पक्षी बघायला बोटीने जाता येतं. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. पक्षी हिवाळ्यापासून साधारण मेपर्यंत असतात. बोटीच्या वेळा भरती-ओहोटीवर ठरतात, त्यामुळे आधी चौकशी करून निघा. बोटीत कपड्यांवरून लाइफ जॅकेट घालावं लागतं, म्हणून छातीवर आरसेकाम किंवा जाड भरतकाम असलेला कुर्ता त्या दिवशी नको, जॅकेटखाली तो टोचत राहतो. ओढणीही नको, खाडीवर वारं चांगलंच असतं. उभी कॉलर आणि पाऊण बाही घ्या, मान आणि दंड उन्हापासून वाचतात. गुलाबी पक्षी बघायला गुलाबी कुर्ता घालून जायची हौस अनेकींना असते. जरूर घाला, तिवरांच्या हिरव्या रांगेसमोर तो रंग सुरेख दिसतो.

उरणची लोकल जानेवारी २०२४ पासून सुरू झाल्याने ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ आणि तिथून उरण, असा समुद्रापर्यंतचा प्रवास आता सोपा झाला आहे. पिरवाडीच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घालणारच असाल तर पँट घोट्याच्या वर हवी. सुती कापड भिजलं की जड होतं आणि सावकाश वाळतं. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे त्याच रात्री साध्या पाण्यातून काढा.

कर्नाळ्याला जाणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे की किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठी पोळी असतात. काळे-गडद कपडे आणि उग्र अत्तर तिथे टाळा, फिकट रंगाचं अंगभर कापड घाला, आणि पोळ्यांखाली गोंगाट करू नका.

माथेरानसाठी तर आम्ही सरळ पांढऱ्याला नाही म्हणतो. १९०७ पासून नेरळहून वर जाणाऱ्या छोट्या गाडीत पांढरा कुर्ता शोभून दिसतो, पण दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी आहे आणि सारं चालणं जांभ्याच्या लाल मातीतून आहे. विटकरी, गेरू, मरून असे रंग घ्या, त्यात धूळ लपते.

कापड

आपल्याकडे मार्चमध्ये समुद्रावरचं वारं सुरू व्हायला उशीर झाला की पारा एकदम चढतो. हवेत ओल असल्याने घामही लवकर उडत नाही. अशा वेळी कपड्यातून हवा खेळली पाहिजे. म्हणून सुती, खादी, लिनन ही पहिली पसंती. मलमल सगळ्यांत हलकी, पण विरळ विणीची मलमल ऊन पुरेसं अडवत नाही, आणि भिजलेलं कापड तर आणखीच कमी अडवतं. दिवसभर उघड्यावर राहायचं असेल तर थोडं घट्ट विणीचं सुती कापड जास्त उपयोगाचं. मलमल संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला ठेवा.

रेयॉन सुंदर पडतं आणि स्वस्तही असतं. त्याला आमचा विरोध नाही. मात्र ते आटतं आणि ओलं असताना कमजोर होतं, पिळलं तर शिवणीजवळ विरतं. पॉलिस्टर घाम शोषत नाही. खरी अडचण अस्तराची आहे. उत्तम सुती कुर्त्याला आत पॉलिस्टरचं अस्तर लावलं की वरच्या कापडाचे पैसे वाया गेले. अस्तर सुतीच लावा. थोडे पैसे जास्त पडतील, पण दुपारी एक वाजता फरक कळेल.

सुती कापड आणि अस्तर दोन्ही शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. विणताना ताणलेलं सूत पाण्यात गेलं की सैल होऊन मूळ लांबीवर येतं, म्हणून न भिजवता शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड होतो. कापड घाईत आणलं असेल तर तसं सांगा, आम्ही भिजवून घेतो, त्याचा एक दिवस वाढतो.

जयपूरजवळच्या सांगानेर-बगरूची ठशांची हातछपाई आणि कच्छचं अजरख ही दोन्ही या मोसमात खूप विकली जातात. हातछापाईच्या कापडाचा रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत थोडा सुटतोच. वेगळं, गार पाण्यात, उलटं करून धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण मीठ रंगवण्याच्या वेळी उपयोगाचं असतं, तयार कापडातला कच्चा रंग ते धरून ठेवत नाही.

शिवण

खरं काम इथे आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या गोलाईची. बगलेत सैल हवं म्हणून बहुतेक मुली मुंढा खोल ठेवायला सांगतात. प्रत्यक्षात मुंढा जितका खाली उतरतो तितका हात वर करताना आख्खा कुर्ता वर खेचला जातो. लोकलमध्ये उभं राहून वरची कडी धरून पाहा, कुर्ता कमरेपर्यंत येतो. मुंढा बगलेच्या जवळ हवा आणि बाही दंडाला सैल हवी. पहिल्यांदा घालताना वेगळं वाटतं, मग सवय होते. तरीही ओढ बसत असेल तर आम्ही बगलेत छोटी चौकोनी कळी घालून देतो.

दुसरी, बाजूचे कट. चढाच्या वाटेवर, स्कूटरवर किंवा मांडी घालून बसताना सगळा ताण कटाच्या टोकावर येतो आणि शिवण तिथेच उसवते. फिरायच्या कुर्त्याला कट नेहमीपेक्षा दोन इंच वर घ्यावा, टोकाला आतून कापडाची पट्टी द्यावी आणि दुहेरी टीप मारावी. हे आम्ही न सांगता करतो. रेडीमेड कुर्ता आणलात तरी एवढं काम करून देतो.

तिसरी आणि सगळ्यांत लाडकी गोष्ट म्हणजे खिसा. मुलींच्या कपड्यांना खिसा नसणं हा आम्हाला अन्याय वाटतो. तरीही सैल कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत मोबाइलचा खिसा आम्ही सुचवत नाही. कुर्त्याला कंबर नसते, त्यामुळे फोनचं सगळं वजन खांद्यावरून लटकतं, एक बाजू खाली ओढली जाते आणि चालताना फोन मांडीवर आपटतो. कुर्त्याचा खिसा रुमाल, तिकीट, थोडे सुटे पैसे यांच्यासाठी. फोनचा खिसा पँटला, वरची कड कमरेच्या पट्टीत शिवलेली, म्हणजे वजन कंबर पेलते. खोली तुमच्या फोनपेक्षा दोन इंच जास्त लागते, म्हणून माप द्यायला येताना फोन सोबत हवाच. खिशाचं कापड जाड सुती असावं. हवी असेल तर तोंडाला चेन लावून देतो, गर्दीच्या डब्यात ती कामी येते.

पँट सरळ, पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक, लांबी घोट्याच्या दोन इंच वर. आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात तिथे, कळी घातली तर कातळावर उकिडवं बसलं तरी शिवण ताणत नाही. पलाझो दिसायला छान, पण सरकत्या जिन्यावर आणि स्कूटरवर तिचा घेर धोक्याचा असतो.

त्यावरून एक गंभीर सूचना. दुचाकीवर मागे बसताना गळ्याभोवती ओढणी घेऊन बसू नका. ओढणीचं किंवा पदराचं टोक चाकात गेलं तर जीवावर बेततं. ओढणी पिशवीत ठेवा. ओढणीवाचून ड्रेस अपुरा वाटत असेल तर आम्ही त्याच कापडाचं बिनबाह्यांचं छोटं जाकीट शिवून देतो, तेही तितकंच शोभतं.

पाडव्याची स्वागतयात्रा

गुढीपाडव्याच्या सकाळी ठाण्यात कोपिनेश्वर मंदिरापासून निघणारी स्वागतयात्रा ही आमच्यासाठी वर्षातली सगळ्यांत मोठी धांदल असते. नऊवारी, नथ, चंद्रकोर, आणि कित्येकजणी दुचाकीवर. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते स्वतः नेसता येत असेल तर त्याला तोड नाही. येत नसेल तर शिवलेली नऊवार घ्या. साडी नऊवारीच आणा. सहावारीतूनही काष्ट्याची शिवून होते, पण निऱ्या कमी पडतात आणि घोळ येत नाही. आत कमरेला एक चोरखिसा आम्ही प्रत्येक नऊवारीला देतो. तासन्‌तास चालायचं असतं, त्यामुळे आत सुती शॉर्ट घाला, मांड्यांना घासत नाही. पदर खांद्यावर पिना लावून कमरेला पक्का खोचा, दुचाकीवर असाल तर दोनदा तपासा.

खणाचे ब्लाउज आणि कुर्ते अजूनही जोरात आहेत. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून नेहमीच्या हिशोबाने कापड घेऊ नका, आधी आम्हाला विचारा. बाजारात कृत्रिम धाग्याचा खणही भरपूर आहे. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देऊन राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

नवीन कोल्हापुरी चप्पल त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आठवडाभर आधी घरात थोडा थोडा वेळ घाला, पट्ट्यांना आतून तेलाचा हात फिरवा.

डाग

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका, धुवून कडक उन्हात वाळवा, उन्हाने हळद विटते. माथेरानच्या मातीचा डाग ओला असताना चोळू नका. वाळू द्या, ब्रशने झटका, मग साबण लावा. त्यावर ब्लीच अजिबात नको, त्या मातीत लोहाचा अंश असतो आणि ब्लीचने डाग आणखी धरतो. उसाचा रस आणि कैरीचं पन्हं लगेच दिसत नाही, पण तसंच राहिलं तर पिवळं पडतं, म्हणून घरी आल्यावर लगेच पाण्यातून काढा. घामाचा कुर्ता पिशवीत कोंबून सोमवारपर्यंत ठेवू नका.

शिवायला देताना

४४ इंची पन्ह्याचं कापड असेल तर गुडघ्याखाली येणाऱ्या साध्या कुर्त्याला अडीच मीटर लागतं, पँटला सव्वादोन. कळ्यांचा घेरदार कुर्ता हवा असेल तर चार मीटर धरा. माप द्यायला येताना ज्या चपला-बुटांवर कपडा घालायचा तेच पायात असू द्या, आणि पाठीवर सॅक घेणार असाल तर तीही आणा. सॅकच्या पट्ट्या जिथे घासतात तिथे आम्ही खांद्याला आतून दुहेरी कापड देतो.

शिवणीच्या आत दीड इंच दाब, म्हणजे जादा कापड, ठेवलेला असतो. वर्षभरात अंगात फरक पडला तर कपडा घेऊन या, सैल करून देण्याचे पैसे घेत नाही. एरवी शिवायला आठ दिवस लागतात. पाडव्याचे कपडे होळीच्या आत द्या, त्यानंतर आलेलं काम आम्ही पाडव्यासाठी स्वीकारत नाही, कारण घाईत मारलेली टीप यात्रेच्या मध्यावर उसवते. ट्रायलला अर्धा तास काढून या. आम्ही तुम्हाला हात वर करायला, उकिडवं बसायला आणि जिना चढायला सांगू. दुकान मंगळवारी बंद असतं, रविवारी सकाळी उघडं असतं.