फिरत्या शाळा, वेल्समधील

अठराव्या शतकात वेल्समध्ये ग्रिफिथ जोन्स (१६८४?–१७६१) या अँग्लिकन धर्मोपदेशकाने उभारलेली वाचनशिक्षणाची चळवळ. जोन्स १७१६ पासून कार्मार्थनशरमधील लॅन्डाउरोर येथे रेक्टर (गावच्या चर्चचे मुख्य धर्मोपदेशक) होते. शिक्षक एका गावी सुमारे तीन महिने शाळा भरवी आणि मग पुढच्या गावी जाई. शेतीची कामे कमी असताना, म्हणजे मुख्यतः हिवाळ्यात, शाळा भरत. दिवसा येऊ न शकणाऱ्या मजुरांसाठी व नोकरांसाठी संध्याकाळचे वर्ग असत. बायबल आणि धर्मविषयक प्रश्नोत्तरावली एवढाच अभ्यास. लेखन व गणित शिकविले जात नसे.

आरंभाच्या सालाबद्दल एकमत नाही. ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीला जोन्स यांनी १७३१ मध्ये लिहिलेल्या पत्रात लॅन्डाउरोरला वेल्श शाळा काढण्याचा मनोदय आहे. त्यावरून बहुतेक ग्रंथांत १७३१ हेच साल दिले जाते. मात्र ती योजना एका गावापुरती होती. शाळा फिरती कधी झाली, हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी काही अभ्यासक १७३४ ते १७३७ हा काळ सुचवितात. ‘वेल्च पायटी’ या शाळांच्या वार्षिक अहवालांतील आकडेवारी १७३७ च्या सुमारास सुरू होते, हे ध्यानात घेता चळवळीपुरता उत्तरकालीन पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. १७३८ च्या आसपास ३७ शाळा व सु. २,४०० विद्यार्थी होते.

संख्येचा वाद याहून अवघड आहे. जोन्स यांच्या मृत्यूपर्यंत ३,४९५ शाळा भरल्या व १,५८,२३७ जण शिकले, असे एका गणनेत म्हटले आहे. दुसरीत हे आकडे ३,३२५ व १,५३,८३५ असे येतात. एकाच गावी शाळा पुन्हा भरली की तेच विद्यार्थी पुन्हा मोजले जाण्याचा संभव राहतो. उलट संध्याकाळी येणारे प्रौढ पुष्कळदा मोजणीतून सुटत. शिवाय अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत. त्यामुळे हे आकडे नेमके न मानता त्यांवरून चळवळीचा आवाका ताडणे बरे. तेव्हाच्या वेल्सची लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर धरली जाते. त्या मानाने कमीत कमी अंदाजही लहान ठरत नाही.

यापूर्वीच्या वेल्श ट्रस्ट या धर्मादाय संस्थेच्या (१६७४) व ज्ञानप्रसारक मंडळीच्या धर्मादाय शाळांत बहुतांशी इंग्रजीतून शिकवीत. जोन्स यांनी मातृभाषेचा आग्रह धरला तो मुख्यतः मोक्षविचाराने : इंग्रजी शिकण्यात वर्षे जाणार, तोवर अज्ञानात मरणाऱ्यांचे काय? भाषाभिमान हा हेतू त्यांना नंतरच्या लेखकांनी चिकटविलेला दिसतो. शिक्षकांना वर्षाला जेमतेम तीन-चार पौंड मिळत. त्यांतले काही मेथडिस्ट (चर्चमधील पुनरुज्जीवनवादी चळवळीचे अनुयायी) असल्याचा आक्षेप घेऊन जॉन एव्हन्स या रेक्टरांनी १७५२ मध्ये टीकापुस्तिका काढली.

सर जॉन फिलिप्स (मृ. १७३७) हे जोन्स यांचे मेहुणे व आश्रयदाते होते. लार्न येथील ब्रिजेट बेव्हन यांनी प्रथम अर्थसाहाय्य दिले व १७६१ नंतर सर्व कारभार पाहिला. त्यांच्या मृत्यूनंतर (१७७९) शाळांसाठी ठेवलेल्या सु. १०,००० पौंडांवर नातेवाइकांनी दावा लावला आणि ती रक्कम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चॅन्सरी न्यायालयात (विश्वस्त निधी व वारशाचे दावे चालविणाऱ्या इंग्लंडच्या न्यायालयात) अडकून पडली. दरम्यान उत्तरेत बाला येथील टॉमस चार्ल्स यांनी १७८५ च्या सुमारास याच धर्तीवर शाळा काढल्या; पुढे त्यांचा भर रविवारच्या शाळांकडे वळला.