ऑझी न्यूसम 2002 ला जीएम झाला, मग त्याआधीची टीम कोणाची?

एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, गप्पांमध्ये हे हमखास ऐकू येतं की ऑझी न्यूसम बाल्टिमोर रेव्हन्सचा जनरल मॅनेजर (जीएम) 2002 ला झाला, म्हणजे जानेवारी 2001 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, न्यू यॉर्क जायंट्सला 34-7 ने धुणारी टीम त्याला आयती मिळाली. साफ चूक. 2002 ला फक्त पाटी बदलली (आणि लीगमधला पहिला कृष्णवर्णीय जीएम म्हणून ती मोठी गोष्ट होतीच), पण प्लेअर पर्सोनेल, म्हणजे खेळाडू कोण घ्यायचे कोण सोडायचे हे खातं 1996 पासून त्याच्याकडेच होतं. त्याच वर्षी रेव्हन्सच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये (टीम्स आळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात तो) मालक आर्ट मोडेलचा ओढा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) लॉरेन्स फिलिप्सकडे, ऑझीने मात्र चौथ्या नंबरवर टॅकल (समोरच्यांना अडवणारा) जोनाथन ऑग्डेन घेतला आणि मग 26 व्या नंबरवर रे लुईस, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये, आता बोला!

आणि ते "स्टार प्लेअर होता म्हणून थेट खुर्ची मिळाली" हेही नाही हां. क्लीव्हलँड ब्राउन्सकडून 1978 ते 1990 टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा) म्हणून खेळला, मग तिथेच स्काउटिंगपासून, म्हणजे खेळाडू हेरण्याच्या कामापासून, सुरुवात केली. 2018 च्या सीझननंतर खुर्ची एरिक डीकोस्टाला दिली, तोसुद्धा 1996 पासून ऑझीच्याच हाताखाली तयार झालेला.